वॉरंटीचं पुस्तक आणि खाडीचं पाणी

कंपनीच्या कागदांवर आमच्या गाडीचं नाव पिकअप होतं. गावात सगळे तिला टेम्पोच म्हणत आणि मी सोडून कुणाला त्याचं वाईट वाटत नसे. मी बेलापूरच्या एका सरकारी ऑफिसात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. इंग्रजी टाइपिंगची परीक्षा पास झाल्यामुळे आकाश ठेंगणं झालं होतं. कुणी टेम्पो म्हणालं की मी लगेच सुधारत असे, "टेम्पो नाही, पिकअप." बाबा हसायचे. ते म्हणायचे, "काय पन बोल. इंजिन हाय ना तिला?"

बाबांना गाडीचं नाव, रंग, मागचा हौदा कशाशीच घेणं नव्हतं. त्यांचं नातं होतं ते इंजिनाशी. सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, त्यांनी आमच्या मचव्याला डिझेलचं इंजिन बसवलं होतं. त्याआधी शिडावर चालणारा मचवा. त्यातून ते मिठागरांचं मीठ मुंबईला न्यायचे. इंजिन आलं तेव्हा गावातल्या तिघाचौघांकडेच ते होतं आणि त्यातलं एखादं बिघडलं की सगळे आमच्या दारात यायचे. बाबा वाचायला शिकले नव्हते, पण आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. चुलीजवळ बसून भाकरी खाताना खाडीतून जाणाऱ्या बोटीचा आवाज ऐकून ते सांगत की ही कुणाची आणि तिला काय झालंय.

त्या इंजिनाचा एक प्रकार इथेच सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मचव्याचं इंजिन थंड ठेवायला खाडीचंच पाणी लागे. एका नळीतून खाडीचं पाणी आत ओढलं जाई, इंजिनाभोवती फिरे आणि गरम होऊन बाजूच्या पाइपातून पुन्हा खाडीत पडे. बाबा सुकाणू धरून बसले तरी त्यांचा एक डोळा त्या पडणाऱ्या धारेवर असे. धार पडतेय तोवर इंजिन ठणठणीत. धार बारीक झाली की मचवा थांबवून नळीत अडकलेलं शेवाळ काढायचं. बारा वर्षं त्या इंजिनानं खाडीचं पाणी प्यायलं आणि त्याला कधी काही झालं नाही.

पुढे मिठागरं बंद पडायला लागली. जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, खाडीवर पूल झाले, मीठ ट्रकने जाऊ लागलं. न्हावा शेव्याला बंदराचं काम सुरू झालं आणि गावातला प्रत्येक जण त्या कामाला काहीतरी पुरवायच्या खटपटीला लागला. दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या भावानं, ड्रायव्हिंगचं लायसन काढलं. मचवा विकला आणि जमिनीच्या मोबदल्यातलं जे काही शिल्लक होतं ते घालून आम्ही पिकअप घेतली. मचवा ज्या दिवशी गेला त्या दिवशी बाबा गावच्या बंदरावर आले नाहीत. आईनं सांगितलं, ते घरामागे कोयता परजत बसले होते.

पिकअपबरोबर एक पुस्तक आलं. इंग्रजीत, गुळगुळीत कागदाचं, मागे फ्री सर्व्हिसिंगची कुपनं. त्यात लिहिलं होतं की सहा महिन्यांत इंजिनात दोष निघाला तर कंपनी फुकट दुरुस्त करून देईल. अर्थात अटी होत्या. गाव त्याला गॅरंटी म्हणायचं, मी वॉरंटी म्हणायचो. घरात ते पुस्तक वाचू शकणारा मी एकटाच. मी त्याला प्लास्टिकचं कव्हर घातलं आणि माझ्या कपाटात, माझ्या सर्टिफिकिटांच्या फायलीवर ठेवून दिलं. दादानं एकदा मागितलं तर म्हणालो, "तुला काय कळणार त्यातलं? काही लागलं तर मला विचार." आता हे लिहिताना माझीच मला चीड येते. पुस्तक गाडीचं होतं, माझं नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या शेवटी फ्री सर्व्हिसिंगला आम्ही तिघं तळोज्याच्या रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे एक मिस्त्री होता. वय चाळीसच्या आसपास, मराठवाड्यातला, अंगानं काटकुळा, कानावर पेन्सिल. त्यानं गाडीचं बॉनेट उघडलं आणि बाबा त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघं इंजिनावर वाकून काहीतरी बोलायला लागले. दहा मिनिटांत बाबांनी त्याचं नाव, गाव, कुठे राहतो, मुली किती, सगळं विचारून घेतलं होतं. मी बाजूला पुस्तक हातात धरून उभा होतो.

काम झाल्यावर बाबा आणि दादा चहाला गेले. मिस्त्री कुपनावर शिक्का मारायला माझ्याकडे आला. शिक्का मारता मारता म्हणाला, "साहेब, एक लक्षात ठिवा. तुमी खाडीकडची मानसं. रेडिएटरमधी गोडंच पाणी घालायचं. खारं अजिबात चालत नसतंय, इंजिन खाऊन टाकतंय ते. मामांना तेवढं सांगा. मामा इंजिनाचे लई शौकीन हायत."

मला त्यानं साहेब म्हटल्याचं इतकं बरं वाटलं की पुढचं मी अर्धवटच ऐकलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण तसं नाही. मी नीट ऐकलं होतं. "हो हो, सांगतो," असं म्हणालोसुद्धा.

आणि मी सांगितलं नाही. का, याची मी पुढे बरीच कारणं शोधली. बाबांना इंजिनाबद्दल मी काय सांगायचं, असा संकोच होता हे एक. त्यांना राग येईल असंही वाटलं. पण खरं कारण याहून हलकं होतं. परतीच्या वाटेवर मी विसरलो, नंतर आठवलं तेव्हा वाटलं, सांगू कधीतरी. एवढंच. दोन वाक्यांचा निरोप होता आणि मी तो पोचवला नाही.

गाडी दादा चालवायचा, पण तिची निगा बाबांकडे होती. तेल, हवा, पाणी सगळं तेच बघत. रोज संध्याकाळी गाडी आली की ते बॉनेट उघडून इंजिन निवेपर्यंत शेजारी बसायचे. मग खाली वाकून रेडिएटरची तोटी उघडायचे आणि दिवसभराचं पाणी सोडून द्यायचे. सकाळी बालदी घेऊन बंदरावर जायचे आणि ताजं खाडीचं पाणी आणून घालायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मचव्याला सारखं नवं पाणी मिळायचं. या बिचाऱ्या गाडीला मात्र कंपनीनं तेच ते पाणी कोंडून दिलेलं. पुढे गाडी बंद पडल्यावर ते आईला म्हणाले होते, "तेच तेच पानी किती दिस पिनार ती? मना वाटला, ताजा दिला का बरा वाटंल तिला."

मी त्यांना बालदी घेऊन येताना दोनतीनदा बघितलं होतं. ऑफिसला जायची घाई असायची, इस्त्रीच्या शर्टावर चिखल उडू नये म्हणून मी लांबून जायचो. वाटलं, चाकं धुताहेत. मी विचारलंही नाही.

तिसऱ्या महिन्यात गाडी तापायला लागली. चढावर काटा वर जायचा, दादाला थांबावं लागायचं. बाबांनी यावर उपाय केला तो असा की सकाळी एकदा आणि दुपारी दादा जेवायला आला की एकदा, असं दोनदा पाणी बदलायचं. दादा मला म्हणाला, "तुझ्या पुस्तकात बघ ना काय लिवलंय." मी पुस्तक काढलं. तापण्याबद्दल एक पान होतं. त्यात पंख्याचा पट्टा ढिला आहे का बघा, पाण्याची पातळी बघा असं लिहिलं होतं आणि शेवटी स्वच्छ, गोडं पाणी वापरा असं एक वाक्य होतं. मी वरच्या दोन गोष्टी दादाला वाचून दाखवल्या. तिसरी मला इतकी उघड वाटली की वाचायची गरज वाटली नाही. विहीर अंगणाच्या टोकाला असताना रेडिएटरमध्ये खाडीचं पाणी कोण घालेल, असंच माझ्या डोक्यात होतं.

पाचव्या महिन्यात, उरणच्या रस्त्यावर, बंदराच्या कामाचे पाइप भरलेले असताना गाडी बंद पडली. पांढरा धूर, मग खडखडाट, मग काहीच नाही. बाबा त्या दिवशी दादाबरोबर होते. दादानं तेलाची पट्टी काढून बघितली तर तेल दुधाच्या चहासारखं झालेलं. पाणी तेलात शिरलं होतं. एका ट्रकवाल्यानं दोर बांधून गाडी गावापर्यंत ओढत आणली. मी ऑफिसातून आलो तेव्हा बाबा गाडीच्या पायरीवर बसले होते. मला बघून म्हणाले, "मी रोज ताजा पानी घातला रे. खाडीचा. मंग कशी गेली?"

मिस्त्रीचं वाक्य शब्दन् शब्द कानात वाजलं. बाबांच्या तोंडाकडे बघून खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांच्या काळजीनं गाडी मारली हे कोणत्या तोंडानं सांगणार? आणि माझ्या गप्प बसण्यानं मारली हे तर त्याहून नाही. मी एकदम साहेबी आवाज काढला. म्हणालो, "बाबा, खाडीचं पाणी घातलं हे कुणाला बोलू नका. गॅरंटी जाईल. कंपनी हात झटकेल. कुणी विचारलं तर विहिरीचं म्हणायचं. नाहीतर बोलूच नका, मी बोलतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही, मला सांगता येणार नाही. पण त्या घरात इंजिनाबद्दल त्यांना गप्प बस म्हणणारा मी पहिलाच. दुसऱ्या दिवशी दादानं आणि मी रेडिएटरमधून विहिरीचं पाणी दहादा फिरवलं आणि गाडी वर्कशॉपला ओढून नेली.

मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं झाकण, ज्याला ते हेड म्हणतात, ते उघडलं. आतली पाण्याची भोकं कुरतडल्यासारखी झाली होती, कडेला पांढरे पापुद्रे. त्यानं बोटानं एक पापुद्रा काढून जिभेला लावला आणि थुंकला. मग माझ्याकडे बघितलं. हेड बदलावं लागणार होतं, आणि ते वॉरंटीत बसतं का हे ठरवायला कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून यायचा होता. तो आठवड्यानं येणार होता.

त्या आठवड्यात बाबा रोज एसटीनं वर्कशॉपला जायचे. घरी बसवत नसे त्यांना. जाताना पिशवीत सुकट नाहीतर बोंबील न्यायचे, मिस्त्रीच्या घरासाठी. तो कामाला भिडलेला असायचा, बाबा शेजारी स्टुलावर. त्याचं नाव घेऊन ते घरी आईला सांगायचे की आज त्यानं अमक्या ट्रकचं इंजिन उतरवलं, त्याच्या थोरल्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं, त्याला अजून कायम केलेलं नाही, वर्ष झालं की करणार आहेत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. आमचं सगळं घर त्या गाडीवर टेकलेलं होतं. नवं हेड विकत घ्यावं लागलं असतं तर गाडी तशीच उभी राहिली असती, आणि मागे परत जायला मचवाही नव्हता. माझ्या डोक्यात फक्त तेवढंच होतं.

इंजिनिअर आला तो सज्जन होता. तरुण, चष्म्याचा, घाईत नसलेला. आम्ही ऑफिसच्या खोलीत बसलो. मिस्त्री दाराशी उभा राहून कापडाला हात पुसत होता. बाबा बाहेर गाडीपाशी होते. इंजिनिअरनं एक फॉर्म पुढे ठेवला आणि मला मराठीत समजावून सांगितलं.

"पाणी कुठलं घालत होता?"

"विहिरीचं," मी म्हणालो.

"खाडीकाठच्या विहिरींनासुद्धा खार असतो. खारं पाणी गेलंय हे दिसतंयच. पुस्तकात लिहिलंय, पण ते इंग्रजीत, म्हणून वर्कशॉपनं तोंडी सांगायचं असा नियम आहे. आता प्रश्न एवढाच आहे की खारं पाणी घालू नका असं सर्व्हिसिंगच्या वेळी तुम्हाला सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर चूक तुमची, कंपनी काही देणार नाही. सांगितलं नसेल तर चूक वर्कशॉपची, हेड बदलून मिळेल. इथे लिहा आणि सही करा."

मिस्त्री म्हणाला, "साहेब, म्या सांगितलं व्हतं. यान्लाच."

इंजिनिअरनं माझ्याकडे बघितलं. मला आजही ती खोली आठवते. भिंतीवर कॅलेंडर, टेबलावर काच, काचेखाली वर्कशॉपच्या उद्घाटनाचा फोटो. मला विचार करायला भरपूर वेळ होता. घाबरून चटकन तोंडातून निघून गेलं, असं मी म्हणू शकत नाही. माझ्यासमोर एका बाजूला आमची गाडी होती आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस होता, आणि मला वाटलं की त्याला फार तर दोन शब्द ऐकावे लागतील. मी म्हणालो, "नाही. असं काही सांगितलं नव्हतं." आणि सुंदर अक्षरात 'नाही' लिहून खाली सही केली. ऑफिसात माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं.

मिस्त्री कापड खिशात कोंबून बाहेर गेला.

दोन आठवड्यांनी नवं हेड आलं. ते त्यानंच बसवलं. बाबा दिवसभर त्याच्याजवळ होते. घरी आल्यावर कितीतरी वेळ सांगत राहिले की त्यानं एकेक बोल्ट कसा क्रमानं, थोडा थोडा करत आवळला, मधून कसा थांबला, पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा कान लावून कसा उभा राहिला. "असा हात मी बघितला नाय," बाबा म्हणाले. म्हणजे माझ्या खोट्याबद्दल त्यानं बाबांना एक शब्दही सांगितला नव्हता. बाबांना जाताना फक्त म्हणाला होता, "मामा, आता गोडं पाणीच घाला बरं का." बाबांना तेव्हाच पहिल्यांदा पक्कं कळलं की खाडीच्या पाण्यानं गाडी गेली. ते घरी येऊन मला एवढंच म्हणाले, "माझ्या हातानं झाला सगला." मी त्यावरही गप्प बसलो.

पुढच्या सर्व्हिसिंगला दादा आणि बाबा गेले. बाबांच्या हातात सुकटीची पिशवी होती. मिस्त्री तिथे नव्हता. दुसऱ्या एका मेकॅनिकनं सांगितलं, "त्याला काढला मामा, दोन म्हैने झाले. तुमच्याच गाडीच्या पायी. गिऱ्हाइकाला पाण्याचं सांगितलं नाही म्हणून वर रिपोर्ट गेला. कायम नव्हता ना, लगेच घालवला." कुठे गेला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. खोली सोडून बायकामुलींना घेऊन गेला, बहुतेक गावाकडे, म्हणाला.

रविवार होता. मी ओटीवर पेपर वाचत होतो. बाबा सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पिशवी तशीच हातात.

"त्यानं तुना सांगितला होता?"

मी पेपर खाली ठेवला. खोटं बोलायची एक संधी होती, ती मात्र मी घेतली नाही. "हो," म्हणालो.

"मंग मना का नाय सांगलास?"

बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही चढवला असता आणि भांडण होऊन काहीतरी निकालात निघालं असतं. ते म्हणाले, "कागद घे. लिव. त्यानं सांगला होता, चूक आमची हाय. खाडीचा पानी मी घातला. असा लिव, मी अंगठा देतो."

मी त्यांना समजावलं. मी किती शहाणपणानं बोललो! म्हणालो, कंपनी हेडचा खर्च मागेल. म्हणालो, माझी सही आहे त्या फॉर्मवर, मी सरकारी नोकर, खोटं लिहून दिलं म्हणून माझ्यावर बालंट येईल. म्हणालो, तो गेला तो गेलाच, आता लिहून कुणाचं भलं होणार? आणि शेवटी म्हणालो, "बघू, पुढच्या रविवारी लिहू."

पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं. मी म्हणालो, फुलस्केप नाहीत घरात. त्याच्या पुढच्या रविवारी मला कुठेतरी जायचं होतं. असं किती रविवार चाललं, मी मोजले नाहीत. घरात लिहिता येणारे आम्ही दोघं होतो. त्यातला दादा चौथीनंतर शाळा सोडलेला, त्याला सहीपुरतंच यायचं. बाबांना हे ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं.

मग एका सकाळी बाबा बंदरावर गेले, औषधाची एक मोठी रिकामी बाटली खाडीच्या पाण्यानं भरली, तिला बूच लावलं आणि एसटीत बसून वर्कशॉपला गेले. हे मला संध्याकाळी कळलं. मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी ती बाटली ठेवली आणि सांगितलं की हे पाणी मी माझ्या हातानं गाडीत घातलं, मिस्त्रीनं घालू नका सांगितलं होतं, त्याला परत बोलवा. मॅनेजर वाईट वागला नाही. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "काका, असं तोंडी चालत नाही. फॉर्मवर तुमच्या मुलानं लेखी दिलंय. त्यांच्याकडून लेखी आणा, मग वर पाठवतो."

बाबांनी ती बाटली परत आणली आणि माझ्या टेबलावर, प्लास्टिकच्या कव्हरातल्या त्या पुस्तकाशेजारी ठेवली. म्हणाले, "तुझा कागद पायजे त्यांना."

मी म्हणालो, "रविवारी."

त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. बाटली आठ-दहा दिवस टेबलावर होती. मग आईनं ती रिकामी करून धुतली आणि रॉकेलला घेतली.

गाडी मात्र उत्तम चालली. ते नवं हेड पुन्हा कधी उघडावं लागलं नाही. न्हावा शेव्याचं बंदर उभं राहिलं, दादाला कायमची कामं मिळाली, घर पक्कं झालं. लोक म्हणायचे, तुमचा टेम्पो लकी आहे. बाबा त्यात पुन्हा बसले नाहीत. तेल, हवा, पाणी दादा बघायला लागला. बाबांना उरणला जायचं असलं तरी ते एसटीनं जायचे. कधी दादा बॉनेट उघडून हाक मारायचा, "बाबा, जरा आवाज ऐकता काय?" ते ओटीवरूनच म्हणायचे, "बरा हाय." माझ्याशी ते बोलायचे, जेवलास का, पगार झाला का, सगळं विचारायचे. पण इंजिनाचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही, आणि त्यांच्याकडे बोलण्यासारखा खरा विषय तो एकच होता.

ऐंशीचं दशक संपता संपता बाबा गेले. फार आजारी नव्हते. चार दिवस ताप आला आणि गेले.

दिवस झाल्यावर, पाहुणे परतल्यावर, मी एका सकाळी फुलस्केप काढला आणि ते पत्र लिहिलं. खारं पाणी घालू नका असं तुमच्या मिस्त्रींनी मला स्पष्ट सांगितलं होतं, मी फॉर्मवर खोटं लिहिलं, चूक संपूर्ण माझी आहे, त्यांच्यावर अन्याय झाला आहे. सहा ओळी झाल्या. खाली सही केली. घड्याळ समोरच होतं. दहा मिनिटंही लागली नाहीत.

पत्र घेऊन मी स्वतः वर्कशॉपला गेलो. मॅनेजर बदलला होता. त्यावेळचं तिथे कुणीच उरलं नव्हतं. नव्या मॅनेजरनं पत्र दोनदा वाचलं, माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं, पण मग म्हणाला, "ठीक आहे. जुनी रजिस्टरं आहेत आत, पत्ता सापडला तर कळवू त्यांना. पण यात तुम्ही नुसतं मिस्त्री लिहिलंय. त्यांचं नाव काय?"

ज्यानं आमची गाडी पुन्हा उभी केली, ज्याच्या घरी आमची सुकट जात होती, ज्याला मी माझ्या सुंदर अक्षरानं घालवलं, त्याला मी पहिल्यापासून मिस्त्री म्हणत आलो होतो. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "इतक्या वर्सानी मना कसा आठवंल? मी बोंबील बांधून द्यायची." दादाला विचारलं. त्यालाही आठवेना.

नाव बाबांना माहीत होतं. रोज त्याच नावानं ते घरात बोलायचे, मी त्याच खोलीत असायचो.